नाव कमी करण्याबाबत

प्रेरणाने कागद चहाच्या कपाशेजारी ठेवला, तेव्हा जानराव टेंभुर्ण्यांना आधी अक्षर दिसलं आणि मजकूर मागाहून. सत्तरीच्या त्या माणसाला वाटलं, मागून कुणीतरी आपल्याला नाव घेऊन हाक मारली. उजवीकडे किंचित कललेली अक्षरं, शिरोरेघ पट्टीने आखावी तशी सरळ, ‘ज’ची शेपटी खाली नीट वळवलेली. वर ‘प्रति, मा. सरपंच’, त्याखाली ‘विषय: नाव कमी करण्याबाबत’. मे संपत आला होता, सकाळचे नऊ वाजले होते, भिलाईच्या वैशाली नगरातल्या त्या घरात कूलर आताच धापा टाकू लागला होता, आणि तरी जानरावांच्या मानेवरून घामाची एक रेघ हळूहळू खाली उतरत गेली. नात समोर उभी होती. ‘आबा, ये तुमचीच हॅंडरायटिंग आहे ना?’ तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि रागच असता तर बरं झालं असतं असं त्यांना वाटून गेलं. ते म्हणाले, ‘हो, माहीच हाय.’ मग ती म्हणाली, ‘मतलब आपला गाव आपण खुद ही काटून टाकला?’ त्यांनी चष्मा काढला, बनियनच्या टोकाला पुसला, पुन्हा चढवला. कागद होता तिथेच होता.

प्रकरण साधं होतं, आणि गेल्या पंधरा दिवसांत घरात दुसरं काही बोललंच जात नव्हतं. प्रेरणाला नर्सिंगला जायचं होतं. गुण चांगले होते, गोंदियाच्या एका कॉलेजात राखीव जागेवर नाव लागत होतं, फक्त जातीचा दाखला हवा होता आणि सोमवार ही शेवटची तारीख होती. इथल्या कचेरीत विचारलं तर ते म्हणत, पणजोबा पन्नास सालाच्या आधीपासून इथले असल्याचा कागद दाखवा. पणजोबा पन्नास साली भंडारा जिल्ह्यात चुलबंद नदीच्या काठी दुसऱ्याच्या बांधीत धान रोवत होते, त्यांनी भिलाईचं नावही ऐकलं नव्हतं, आणि तेव्हा इथे पोलादाचा कारखानाही नव्हता. म्हणजे दाखला त्या गावाहूनच यायला हवा होता. गावाने तो द्यायचा तर टेंभुर्णे हे घर गावच्या नोंदवहीत हवं होतं. काहीतरी जुना पुरावा सापडेल म्हणून पोरीने आज सकाळी आजीची पत्र्याची पेटी उपसली. शेवंता जाऊन दोन वर्षं झाली होती, तिची पेटी अजून कुणी उघडली नव्हती. तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली हा एकच कागद निघाला, आणि त्यात आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं की मी व माझे कुटुंबीय यांचा या गावाशी कसलाही संबंध उरलेला नाही, पुढेही राहणार नाही, तरी आमची नावे नोंदवहीतून कायमची कमी करावीत. प्रेरणाने तो कागद एकदा उभ्यानेच वाचला होता. आता तो तिथेच ठेवून ती आत गेली, आणि आतून भांडी घासल्याचा आवाज येऊ लागला. नको तितका जोरात.

अक्षर हीच त्यांची सारी इस्टेट होती. साकोलीहून बी.कॉम. होऊन ते भिलाईला आले ते एका थैलीनिशी, आणि तिथल्या सुपेला भागात एका ठेकेदाराच्या फर्ममध्ये मुनीम म्हणून बसले. पंख्याखाली जागा मिळायला चार वर्षं लागली. कारखान्यात साहेब झालेले नागपूरकडचे मराठी लोक टाऊनशिपमध्ये क्वार्टरात राहत, गणपतीत नाटकं बसवत. जानराव सुपेल्यात एका वेल्डिंगच्या दुकानामागच्या खोलीत राहत आणि रविवारी टाऊनशिपमधली झाडं बघायला जात. त्या खोलीच्या दारात माणसं येऊ लागली ती अक्षरासाठी. कुणाला रेशनकार्डाचा अर्ज, कुणाला पोराच्या शाळेचा, कुणाला नळाचा. हिंदी ते घोटून घोटून शिकले, ‘महोदय, सविनय निवेदन है’ असं सुरू करून पान भरून टाकायचे, आणि साधा गडीमाणूस तो कागद दोन्ही हातांनी धरून घेऊन जायचा. मुनीमजीने लिहिलेला अर्ज परत येत नाही, असं वस्तीत म्हणू लागले. खरं तर यायचा, पण मुनीमजी दुसरा लिहून द्यायचे. असं पंधरा-वीस वर्षं चाललं आणि त्यातून एक दिवस कसं कोण जाणे राजकारण निघालं. आपण पुढारी होऊ असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. घोळक्यात बोलायचं म्हटलं की त्यांच्या तळहाताला घाम सुटायचा. पण केवलराम साहू नावाचा एक किराणावाला होता, पक्षाचं काम करायचा, तो त्यांच्या मागेच लागला. वॉर्डातली निम्मी माणसं तुमच्या हातचा कागद घरात ठेवून आहेत, म्हणाला, आणखी काय लागतं.

आणखी एक गोष्ट लागते हे पहिल्याच निवडणुकीत कळलं. वेगळं राज्य होणार अशी हवा होती, भिंतीभिंतीवर तेच लिहिलेलं होतं, आणि समोरच्या उमेदवाराने एकच शब्द धरला: परदेसिया. हा बाहेरचा, हा महाराष्ट्राचा, याचं घर तिकडे, याचं मत तिकडे, उद्या हा गाठोडं बांधून निघून जाईल. शब्द तसा नवा नव्हता. सुपेल्याच्या बाजारात भाजीवालीसुद्धा हसत हसत म्हणायची. पण आता तो लाउडस्पीकरवरून यायला लागला, आणि रिक्षा गल्लीतून फिरायची तेव्हा शाळेतून येणारा त्यांचा मुलगा राजदीप दप्तर छातीशी धरून भिंतीला चिकटून उभा राहायचा. केवलराम एका दुपारी पेढ्यांचा पुडा घेऊन आला आणि अगदी सहज बोलल्यासारखा म्हणाला, ‘एक ठन कागज लिख दे न मुनीमजी, के ओ गाँव संग तोर कोनो नाता नइ हे. फेर कोन बोलही?’ गावाशी नातं नसल्याचा एक कागद, मग कोण बोलणार. आयुष्यभर जे केलं तेच. जानरावांनी कार्बन लावला, दोन प्रती काढल्या आणि एका बैठकीत अर्ज लिहून टाकला. लिहिताना हात कापला वगैरे काही झालं नाही. उलट मजकूर नेटका उतरल्याचं समाधानच वाटलं होतं, आणि ते आता आठवून त्यांना स्वतःची किळस आली.

अर्ज द्यायला ते स्वतः गेले होते. टपालाने पाठवता आला असता, पण पोच हवी होती, शिक्का हवा होता, केवलरामला तो शिक्का पत्रकात छापायचा होता. सरपंच दुसरा-तिसरा कुणी नव्हता, थोरला भाऊ धोंडबाच होता. पंचायतीच्या खोलीत धोंडबाने कागद घेतला, डोळ्यांपासून लांब धरून वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. शिपायाला म्हणाला, जा, बिडी घेऊन ये. बाहेर कुणाच्या तरी बैलाच्या गळ्यातली घंटी वाजत होती. जानराव सांगत होते की हे सारं कागदोपत्री आहे, दादा, नुसतं दाखवण्यापुरतं, मनातून थोडंच कुणी नाव काढतं. धोंडबाने ड्रॉवरमधून शिक्का काढला, तोंडाजवळ नेऊन त्यावर वाफ सोडली, आणि दोन्ही प्रतींवर मारला. बापाच्या हातात दुसऱ्याच्या बैलाचा कासरा असायचा, त्याच बापाची दोन पोरं, एक गावचा सरपंच आणि एक शहराचा पुढारी होऊ घातलेला, एका टेबलाच्या दोन बाजूंना बसली होती. त्या वर्षी धोंडबाच्या शेतात पहिल्यांदा दोन पिकं आली होती. वहिनीने सकाळीच वडे तळायला घेतले होते. जानराव उठले, म्हणाले, घरी येऊन वहिनीला भेटून जातो. तेव्हा धोंडबा म्हणाला, ‘ये ना. पन आता पाहुना म्हनून येजो.’ जानराव घरी गेले नाहीत. साकोलीची बस उभी होती, तीच गाठली. पत्रक छापलं, निवडणूक जिंकली. शेवंताने मिरवणुकीत गुलाल लावून घेतला, पण गावच्या शेवांचा पुडा का नाही आणला असं तिने त्या रात्री विचारलं, आणि मग पुन्हा कधीच गावाबद्दल विचारलं नाही.

पुढची पंधरा वर्षं सकाळी आठला दार उघडायचं तर ओसरीवर पाच-सात माणसं बसलेलीच असायची. पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, लेटरहेडवर ओळखीचं प्रमाणपत्र लागतं, बँकेत लागतं, शाळेत लागतं, गॅससाठी लागतं, गेटपाससाठी लागतं. ते नसलं तर भिलाईत माणूस असून नसल्यासारखा. बाकीचे पार्षद छापील गठ्ठा ठेवायचे आणि सही मारायचे. जानराव प्रत्येक हाताने लिहायचे. ‘प्रमाणित किया जाता है कि श्री अमुक, पिता श्री तमुक, को मैं विगत इतने वर्षों से व्यक्तिगत रूप से जानता हूँ.’ किती वर्षं ते विचारून लिहायचे, मनाने एकही आकडा घालायचे नाहीत. म्हाताऱ्या नत्थू देवांगनने एकदा वीस वर्षं लिहा म्हटलं, तर हे म्हणाले, मी तुला सतरा वर्षांपासून ओळखतो, सतराच लिहीन. नत्थूने ही गोष्ट सगळ्या वस्तीत हसत हसत सांगितली आणि पाचशे मतं वाढली. ओडिशाच्या बायका, बिहारचे बिगारी, तेलुगू फिटर, साऱ्यांना जानराव व्यक्तिशः ओळखत होते. ते वाक्य त्यांच्या बोटांना इतकं पाठ झालं होतं की आताही कागदाकडे बघता बघता उजव्या हाताचं बोट टेबलावर ‘व्यक्तिगत रूप से’ गिरवत होतं. त्यांनी ते आवरलं.

आणि त्याच ओसरीवरून राजदीप जायचा-यायचा. मान खाली घालून, चपला हातात घेऊन, माणसांमधून वाट काढत. पोरगा हुशार होता. शिक्षक घरी येऊन सांगून गेले होते. रेल्वेच्या परीक्षेला त्याने दीड वर्ष अभ्यास केला, भिलाई-३ ला एका मित्राच्या खोलीवर जाऊन बसायचा, कारण घरात पुढारीपणाचा गोंगाट. जानरावांची दुसरी निवडणूक तोंडावर होती तेव्हा निकाल लागला, आणि राजदीपचं नाही झालं असं जानरावांना कळलं. बापाला आईनेच सांगितलं. जानरावांना मनातून फार लागलं. त्यांनी पोराला बोलावलं आणि चार माणसांसमोर म्हणाले की मी तुझ्या वयाचा असताना कंदिलाखाली अभ्यास केला, तुला टेबल दिलं, दिवा दिला, तुझ्याकडून एक परीक्षा निघत नाही. राजदीप ऐकत उभा होता. शेवंता आतून आली, तिने ट्रेमधले कप जमिनीवर ठेवले आणि कुणाला चहा न देताच परत आत गेली. पुढेही कितीदा तरी हे असंच व्हायचं. राजदीपचा विषय निघाला की ती उठून जायची. जानराव समजायचे, आईला पोराच्या अपयशाची लाज वाटते. तिच्या त्या उठून जाण्याचा असा अर्थ त्यांनी वीस वर्षं लावला, आणि ती होती तोवर एकदाही तिला विचारलं नाही.

मग राजदीप ठेक्यावर लागला. कारखान्याच्या आत, पण कारखान्याचा नाही. दर सहा महिन्यांनी गेटपास बदलायचा, ठेकेदार बदलायचा, उन्हाळ्यात भट्टीच्या बाजूला काम आलं की हाताची कातडी निघायची. जानरावांना वाईट वाटलं, नाही कसं, पण वाईट वाटण्यातूनही राजकारणी माणूस काहीतरी काढून घेतो. तिसऱ्या निवडणुकीत विरोधक म्हणू लागले की पार्षदाने घर भरलं. तेव्हा सुपेल्याच्या सभेत जानरावांनी माइक हातात धरला आणि म्हणाले, ज्याला शंका असेल त्याने माझ्या मुलाला बघावं. पार्षदाचा एकुलता एक मुलगा आज ठेक्यावर मजुरी करतो, मी त्याच्यासाठी कुणाला एक फोन केलेला नाही. टाळ्या इतक्या पडल्या की थोडा वेळ थांबावं लागलं. ते वाक्य मग ते प्रत्येक सभेत बोलू लागले, कुठे थांबायचं तेही ठरून गेलं. राजदीप त्या सभांना असायचा. पहिली पाळी संपवून यायचा, सभा झाली की खुर्च्या एकात एक घालून टेम्पोत चढवायचा. एकदा टाळ्या पडत असताना जानरावांची नजर त्याच्यावर गेली, तर तोही टाळ्या वाजवत होता.

कूलरमधलं पाणी संपून पंखा कोरडा फिरू लागला तेव्हा जानराव भानावर आले. बारा वाजत आले होते. चहावर साय धरली होती. त्यांना आता त्या कागदाचा रागच आला. शेवंताने माझीच प्रत जपून ठेवावी, आणि तीही अशी तळाला, म्हणजे मरतानाही तिच्या मनात गाव तोडल्याचा सल होता तर. कागद फाडून टाकावा म्हणून त्यांनी उचलला आणि बोटांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कागद जाड होता, गुळगुळीत होता. कडेला काळा पट्टा होता. त्यांची प्रत तर कार्बनची होती, निळी, कांद्याच्या सालीसारख्या पातळ कागदावरची, आणि ती केवलरामने छापखान्यात नेली होती, परत आलीच नव्हती. ही झेरॉक्स होती. मूळ अर्जाची. मूळ अर्ज गावच्या दप्तरात होता. कागद हातात आला की आधी तारीख बघायची ही आयुष्यभराची सवय, ती आज स्वतःच्या अक्षराने चकवली होती. त्यांनी कागद उलटा केला. पाठीमागे जांभळा शिक्का होता, ‘सत्यप्रत दिली’, खाली धोंडबाची वाकडीतिकडी सही, आणि त्याखाली: ‘मागणारा: राजदीप जानराव टेंभुर्णे. दि. १८ नोव्हेंबर २००४.’

दोन हजार चार. नोव्हेंबर. जानरावांनी तारीख तीनदा वाचली, हिशेबनिसाने वाचावी तशी, दिवस, महिना, साल. दुसऱ्या निवडणुकीचा नोव्हेंबर. पोरगा परीक्षेत नापास झाला तो नोव्हेंबर. नापास झालेला पोरगा गावाला जाऊन दाखला कशाला मागेल? दाखला पास झालेल्याला लागतो. खिडकीबाहेर कुणीतरी दुचाकी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती नुसती घरघरत होती, सुरू होत नव्हती, आणि जानरावांना तो आवाज आपल्या छातीतून येतोय असं वाटत होतं. चपला हातात घेऊन ओसरीतून जाणारा राजदीप. चार माणसांसमोर मान खाली घालून ऐकणारा राजदीप. टाळ्या वाजवणारा. शेवंताचे जमिनीवर ठेवलेले कप. प्रत्येक गोष्ट तीच होती, जागची हललेली नव्हती, आणि प्रत्येकीचा अर्थ दुसराच निघत होता. त्यांना ओरडावंसं वाटलं, पण घरात पोरगी होती. ते नुसते ‘शेवंता’ म्हणाले, हळू, आणि मग घाबरून दाराकडे बघितलं की कुणी ऐकलं तर नाही.

धोंडबाही गेला होता. जानराव चौथी निवडणूक हरले ती सव्वीस वर्षांच्या पोराकडून. मतमोजणी चालू असतानाच पुतण्याचा फोन आला होता, की बाबा गेले, माती संध्याकाळी आहे. मतं एकशे बाराने मागे होती, दोन फेऱ्या बाकी होत्या. निघतो, म्हणाले, आणि निघाले नाहीत. मग हरल्यावर कुठलं तोंड घेऊन जायचं म्हणून निघाले नाहीत. मग उशीर झाला म्हणून निघाले नाहीत. पुतण्याही गाव सोडून पुण्याकडे एका कंपनीत गेल्याचं कानावर आलं. परवा राजदीपने गावच्या नव्या सरपंचाला फोन लावला होता. तो म्हणाला, टेंभुर्णे नावाचं आता घरच नाही गावात, असलं तर दोन जुनी माणसं आणा, जी सांगतील की आम्ही यांना ओळखतो. जानरावांनी तेव्हा नवऱ्या मुलासारखा ताठा दाखवत म्हटलं होतं, मी तीन वेळा पार्षद होतो, मला कोण ओळखत नाही.

पहिल्या पाळीचा भोंगा झाला, आणि तीनच्या सुमारास फाटक वाजलं. राजदीप आला. बेचाळीस वर्षांचा, केस पांढरे व्हायला लागलेले, सदऱ्याच्या पाठीवर घामाच्या मिठाचा पांढरा नकाशा. त्याने हातपाय धुतले, प्रेरणाने ताट वाढलं, तो जमिनीवर मांडी घालून जेवायला बसला. जानराव खुर्चीवरून उठले. गुडघे ऐकत नव्हते, तरी भिंतीला धरून ते खाली त्याच्यासमोर बसले आणि शिक्क्याची बाजू वर करून कागद ताटाशेजारी ठेवला. राजदीपने बघितलं. घास तोंडात होता तो चावून गिळला.

‘आईनं अजून ठेवला होता काय?’ तो म्हणाला.

‘तू पास झाला होता?’

राजदीपने वरणात भात कालवला. त्याला उत्तर द्यायची घाई नव्हती, आणि टाळायचंही नव्हतं. ‘झालतो,’ तो म्हणाला. ‘कागद जमा कराले वीस दिवस होते. जातीचा दाखला इथं भेटला नाही म्हनून गावाले गेलो. मोठे बाबा म्हनले, तुह्या बापानंच हे लिहून देल्लं हाय. हे त्याले दाखव अन् त्याले घेऊन ये. तो फक्त माह्यासमोर बसून एकडाव म्हनो का हे माहं गाव हाय. त्याच घडीले सही करतो.’

जानराव पुढे सरकले. ‘मंग मले कावून नाही सांगितलं, बेटा?’

‘मतदानाले नऊ दिवस राह्यले होते, बाबा,’ राजदीप म्हणाला. ‘तुम्ही गावाले गेले असते अन् तसं म्हटलं असतं, तं दुसऱ्या दिवशी पूरे सुपेल्यात पत्रक वाटलं असतं त्यायनं. आई म्हने, होऊ दे निवडनूक, मंग सांगू. तुम्ही जिंकले. मिरवनूक होती त्या दिवशीच तारीख गेली. मंग सांगून काय करू?’

त्याच्या आवाजात उपकार केल्याची छटा नव्हती, तक्रारही नव्हती. ठेकेदाराने पाळी बदलली असं घरी येऊन सांगावं तसा तो सांगत होता. जानरावांना वाटलं, त्याने ताट फेकावं. एकदा तरी त्याने ताट फेकावं, शिव्या द्याव्यात. पण तो भात संपवत होता, आणि त्याच्या मनगटावरच्या जुन्या भाजल्याच्या डागावर जानरावांची नजर खिळली. तो डाग कधीचा, कुठल्या भट्टीचा, तेव्हा किती दिवस हात बांधलेला होता, त्यांना काहीच माहीत नव्हतं. अख्ख्या वॉर्डाला मी ओळखतो असं लिहून देणाऱ्या माणसाला घरात जेवणारं हे एक माणूस कोण आहे ते ठाऊक नव्हतं. त्यांना रडू आलं. ते त्यांनी लपवलं नाही. राजदीपने पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

‘उद्या जाऊ,’ जानराव डोळे पुसत म्हणाले. ‘पॉवर हाऊस टेसनावरून सकाळची गाडी पकडू, गोंदियावरून बस भेटते. मी म्हनतो तिथं बसून. साऱ्या गावासमोर म्हनतो. कान पकडून म्हनतो.’

‘जाऊ,’ राजदीप म्हणाला. ‘मी सुट्टी टाकून आलो हाय दोन दिवसांची.’ मग ताटातली उरलेली मिरची बोटाने कडेला लावत, म्हणाला, ‘पन तुम्ही म्हनून काय होते आता, बाबा? म्हनून दाखवाचं ज्यायले होतं ते तं गेले. हा नवा सरपंच दोन मानसं मांगून राह्यला, तुम्हाले ओळखनारे.’

प्रेरणा दारात उभी राहून ऐकत होती. तिचे डोळे लाल होते, पण ती आता आजोबांकडे सकाळसारखी बघत नव्हती. ती वही आणि पेन घेऊन आली आणि दोघांच्या मध्ये फरशीवर बसली. ‘आबा, दोन नावं सांगा,’ ती म्हणाली. ‘कोई भी दो. बाबा आजच फोन करतील.’

जानरावांनी डोळे मिटले. गल्ली आठवली, बुद्धविहाराचा ओटा आठवला, विहिरीकडे उतरणारी वाट, आणि त्या वाटेवरची माणसं एकेक करून पुढे आली. गंगाराम पैलवान, तो कधीच गेला. शाळेतला वामन, त्याला साप चावला. हौसामाय. पाटलाचा सालदार. प्रत्येकाचा चेहरा लख्ख आठवत होता, अंगावरच्या सदऱ्यासकट, आणि त्यातलं एकही माणूस आता जिवंत नव्हतं. आज गावात जे होते त्यांना टेंभुर्णे हे नावही ठाऊक नसेल. बोट पुन्हा फरशीवर काहीतरी गिरवायला लागलं होतं.

‘आबा?’

‘लिही,’ ते म्हणाले. ‘धोंडबा टेंभुर्णे.’

प्रेरणाने त्यांना कधी बघितलं नव्हतं, घरात त्यांचा उल्लेख व्हायचा तो मोठे बाबा असाच व्हायचा, तेव्हा हे त्या गेलेल्या माणसाचंच नाव आहे हे तिला उमगलं नाही. तिने ठळक अक्षरात नाव लिहिलं. तिचं अक्षर थेट आजोबांसारखं होतं, शिरोरेघ सरळ, किंचित उजवीकडे कललेलं. राजदीपचा ताटातला हात थांबला. त्याने बापाकडे बघितलं, वहीकडे बघितलं. तो याही वेळी काही बोलला नाही.

‘अन् दुसरं?’ प्रेरणाने विचारलं.